पन्नास मीटर रायफल: ध्वनीपेक्षा संथ गोळी, तिचा लॉट आणि आपली नळी

करवीरकर (धागाकर्ता)

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून .२२ रायफलीकडे वळू पाहणारी मुले आणि त्यांचे पालक यांच्याकडून चौकशी फार वाढली आहे. या चौकशीत एक प्रश्न हमखास असतो. स्पर्धेसाठीची महागडी काडतुसे साध्या काडतुसांपेक्षा संथ का असतात? जास्त पैसे मोजून कमी वेग घ्यायचा, हे अनेकांना पटत नाही. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो की परदेशातले हौशी नेमबाज घरी हँडलोडिंग करून आपल्या बंदुकीला मानवणारे काडतूस बनवतात, तसे आपल्याला का करता येऊ नये. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी आकडे पाहू. स्पर्धेच्या .२२ लाँग रायफल काडतुसात सुमारे २.६ ग्रॅमची, म्हणजे ४० ग्रेनची, शिशाची गोळी असते आणि ती नळीतून साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडते. याच मापाची 'हाय व्हेलॉसिटी' काडतुसे ३८० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास जातात. हवेतील ध्वनीचा वेग शून्य अंशाला ३३१, वीस अंशांना ३४३ आणि पस्तीस अंशांना जवळजवळ ३५२ मीटर प्रतिसेकंद असतो. म्हणजे स्पर्धेची गोळी ध्वनीच्या वेगाच्या थोडी खालीच ठेवलेली असते, आणि हे अंतर काटकसरीसाठी नव्हे, तर जाणीवपूर्वक राखलेले असते.

कारण असे, की ध्वनीच्या वेगाच्या जवळपास हवेचा विरोध एकाएकी वाढतो. ध्वनीवेगाच्या ०.८ पटीपासून १.१ पटीपर्यंत जाताना विरोधाचा गुणांक दुपटीहून अधिक होतो. ३८० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेली गोळी लक्ष्यापर्यंतचा बहुतेक प्रवास याच खडतर पट्ट्यात करते आणि ५० मीटरच्या आसपास ध्वनीवेगाच्या खाली उतरते. गोल नाकाच्या, आखूड, शिशाच्या गोळीला हे संक्रमण मानवत नाही. तिचा तोल किंचित ढळतो आणि प्रत्येक गोळीचा तो सारख्याच रीतीने ढळेल याची हमी नसते. स्पर्धेची गोळी हे संक्रमण टाळते. ती पहिल्यापासूनच खाली असते आणि खालीच राहते.

आता लक्ष्याकडे पाहू. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ मागच्यापेक्षा ८ मिलिमीटर बाहेर असते. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर असून ती रेषेला स्पर्शली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे गोळीचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडले पाहिजे, तरच दहा. अंतिम फेरीत दशांशाने गुण मोजतात, तेव्हा प्रत्येक ०.१ गुणाची किंमत ०.८ मिलिमीटर असते. स्वप्नील यांचे ४५१.४ हे गुण वाचताना त्यातल्या '.४' मागे केवढा सूक्ष्म हिशेब आहे, हे यावरून ध्यानात यावे.

ही गोळी ५० मीटर अंतर सुमारे ०.१६ सेकंदात कापते आणि तेवढ्या वेळात नळीच्या सरळ रेषेपासून जवळपास १२ सेंटिमीटर खाली येते. साइट, म्हणजे रायफलीवरचे नेम धरायचे साधन, लावताना ही घसरण धरलेलीच असते, त्यामुळे घसरण ही अडचण नाही. ती दर वेळी सारखी नसणे ही अडचण आहे. एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा १० मीटर प्रतिसेकंदाने, म्हणजे सुमारे तीन टक्क्यांनी कमी असेल, तर गोळी साधारण साडेसात मिलिमीटर खाली पडेल. नेमबाजाने श्वास, चाप आणि शरीराची ठेवण निर्दोष सांभाळली तरी दहा आणि नऊ यांच्यामधली रेषा त्या काडतुसाने एकट्याने गाठली. म्हणून स्पर्धेच्या काडतुसात आपण पैसे मोजतो ते वेगासाठी नव्हे, तर वेगाच्या सारखेपणासाठी.

हँडलोडिंगचे उत्तर सरळ आहे. .२२ हे रिमफायर काडतूस आहे. त्याचे प्रज्वलक मिश्रण स्वतंत्र प्रायमरमध्ये नसून पितळी कवचाच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते, आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. एकदा चेपलेली ती पातळ कड पूर्ववत करून पुन्हा भरणे हे घरी करण्याजोगे काम नाही. आपल्या हाती उरते ते कारखान्यातून आलेल्या अनेक लॉटमधून, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या काडतुसांच्या गटांमधून, आपल्या नळीला मानवणारा लॉट शोधणे. माझ्या मते .२२ च्या नेमबाजाचे हँडलोडिंग ते हेच, आणि त्याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

छात्र_पंचवीस

सर, मी एनसीसीत .२२ डीलक्स रायफलीने २५ मीटरवर फायरिंग केले आहे आणि आता ५० मीटरसाठी तयारी करत आहे. आपले संक्रमणाविषयीचे विवेचन समजले. परंतु वाऱ्याचे गणित मला उलटे वाटते. वेगवान गोळी लक्ष्यापर्यंत लवकर पोहोचते, म्हणजे वाऱ्याला तिच्यावर काम करायला कमी वेळ मिळतो. मग निदान वाऱ्याच्या दिवशी तरी वेगवान काडतूस अधिक चांगले ठरायला नको का?

विज्ञानशिक्षक

आपली शंका रास्त आहे आणि भौतिकशास्त्र शिकलेल्या बहुतेकांना ती येते. वारा गोळीला बाजूने सतत ढकलत नेतो, असे चित्र आपल्या मनात असते. ते अपुरे आहे. गोळी वाहून किती जाते, हे तिने हवेत घालवलेल्या एकूण वेळेवर ठरत नाही. निर्वातात ती जितक्या वेळात पोहोचली असती, त्यापेक्षा हवेमुळे तिला किती वेळ जास्त लागला, त्यावर ते ठरते. हा विलंब वाऱ्याच्या आडव्या वेगाने गुणला की विचलन मिळते.

करवीरकरांनी दिलेले आकडे घेऊन हिशेब करून पाहा. ३२७ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेली गोळी हवा नसती तर ०.१५३ सेकंदात पोहोचली असती. हवेत तिला सुमारे ०.१५९ सेकंद लागतात. विलंब ०.००६ सेकंद. आडवा वारा सेकंदाला १ मीटर असेल तर विचलन ६ मिलिमीटर. आता ३८२ मीटर प्रतिसेकंदाची गोळी घ्या. तिला निर्वातात ०.१३१ सेकंद लागले असते, हवेत सुमारे ०.१४० लागतात, विलंब ०.००९ सेकंद आणि विचलन ९ मिलिमीटर. ती लवकर पोहोचते हे खरेच, पण त्या वाढीव विरोधाच्या पट्ट्यात आपला वेग इतक्या झपाट्याने गमावते की तिचा विलंब जवळजवळ दीडपट होतो.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी की हा निष्कर्ष .२२ च्या या ठरावीक वेगांपुरता आहे. ८०० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणाऱ्या, लांब व टोकदार गोळ्यांच्या बाबतीत वेग वाढवला की विचलन सहसा घटते, कारण त्या ध्वनीवेगाच्या पुष्कळ वर असतात आणि त्यांचा आकार हवा सहज कापतो.

छात्र_पंचवीस

आभारी आहे. सेकंदाला १ मीटर वारा म्हणजे झाडाची पानेही जेमतेम हलतील. एवढ्याशा वाऱ्यात ६ मिलिमीटर जातात, हे पाहून आता झेंड्यांचे महत्त्व कळले.

करवीरकर

अगदी बरोबर. रेंजवर १० आणि ३० मीटरवर वाऱ्याचे झेंडे लावतात ते याचसाठी. त्यातही जवळच्या झेंड्याकडे जास्त लक्ष द्यावे, कारण गोळीला सुरुवातीलाच मिळालेली दिशा पुढचे सगळे अंतर वाढत जाते. बालेवाडीला दुपारी वाऱ्यासोबत उष्म्याच्या लहरीही असतात, तेव्हा लक्ष्य जागेवरून सरकल्यासारखे दिसते आणि नवशिके वारा सोडून त्या भासामागे साइट फिरवत बसतात. वरळीला समुद्राचा वारा निराळा वागतो. दोन्ही ठिकाणी सराव केलेल्या मुलांची वाऱ्याची समज फार लवकर तयार होते, असा माझा अनुभव आहे.

तापमानाचाही एक मुद्दा येथेच नोंदवतो. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. समुद्रसपाटीपासूनची उंची त्यात थेट फरक करत नाही. ३३० मीटर प्रतिसेकंदाची गोळी पस्तीस अंशांच्या दुपारी ध्वनीवेगाच्या ०.९४ पटीवर असते, तर थंडीतल्या दहा अंशांच्या सकाळी ०.९८ पटीवर. दारू थंड असली की गोळीचा वेगही किंचित उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक थोडा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. उन्हाळ्यात तपासून घेतलेला लॉट डिसेंबरच्या सकाळी वेगळा वागू शकतो, यामागे हे एक कारण आहे.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि येथील कायद्याच्या चौकटीत गेली बरीच वर्षे हँडलोडिंग करतो, म्हणून ध्वनीपेक्षा संथ काडतुसांची दुसरी बाजू मांडतो. येथे या छंदाचा मुख्य आधार .३०० ब्लॅकआउट हे काडतूस आहे. त्याला २०११ मध्ये येथील उद्योगसंस्थेची मान्यता मिळाली. त्याची संथ आवृत्ती सुमारे १४ ग्रॅमची, म्हणजे २२० ग्रेनची, गोळी ३०५ ते ३२० मीटर प्रतिसेकंदाने सोडते. .२२ च्या गोळीची ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास असते, तर हिची ७०० ज्यूलच्या जवळ जाते. वेग वाढवता येत नसल्याने वजन वाढवणे, एवढाच मार्ग उरतो.

हे काडतूस लोकप्रिय झाले ते त्याच्या लहान कवचामुळे. .३०८ या रायफल काडतुसासारख्या मोठ्या कवचात संथ गोळीपुरती अल्प दारू घातली, तर आतला बहुतांश भाग रिकामा राहतो. बंदूक खाली झुकवून वर आणली की दारू पुढे सरकते, वर उचलून खाली आणली की मागे. आणि प्रज्वलन त्यानुसार बदलते. म्हणजे सारखे वजन करून भरलेल्या दोन काडतुसांचा वेगही वेगळा येऊ शकतो. करवीरकर ज्या सारखेपणाविषयी लिहीत आहेत, त्यालाच यामुळे सुरुंग लागतो. लहान कवच भरलेले राहते, म्हणून ते जास्त विश्वासू.

दुसरी अडचण गोळीच्या फिरकीची. जड गोळी लांब असते, आणि लांब गोळी कमी वेगात स्थिर ठेवायची तर नळीतील आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, जास्त आवळलेले लागतात. .३०८ च्या अनेक नळ्यांमध्ये १० किंवा १२ इंचांत एक फेरा असतो, तर .३०० ब्लॅकआउटमध्ये ७ किंवा ८ इंचांत. जुनी नळी घेऊन तिच्यात जड संथ गोळी भरली, तर ती लक्ष्यावर आडवी आदळल्याचे छिद्र दिसते.

तिसरी बाब शिकारीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हरणाच्या शिकारीसाठीच्या नेहमीच्या गोळ्या या संथ वेगाहून कितीतरी अधिक वेगावर आदळल्यावर उमलतील, म्हणजे पसरून रुंद होतील, अशा घडवलेल्या असतात. ३१० मीटर प्रतिसेकंदाला त्या उमलतच नाहीत. प्राण्याच्या शरीरातून बारीक भोक पाडून निघून जातात आणि प्राणी जखमी होऊन दूर जाऊन तडफडतो. कमी वेगावर उमलण्यासाठीच बनवलेली गोळी वापरणे आणि अंतर शंभर मीटरच्या आत ठेवणे, हे मी नैतिक बंधन मानतो. शंभर मीटरपर्यंत ही गोळी नळीच्या रेषेखाली अर्धा मीटरहून अधिक येते, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी घाव भलतीकडे बसतो.

शेवटी धोक्याविषयी. संथ काडतूस बनवताना दारू कमी करत गेल्यास गोळी नळीतच अडकू शकते, आणि ते न कळता पुढची गोळी झाडली तर नळी फुटते. म्हणून येथे कोणीही जाणता माणूस दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या चाचणीच्या आकड्यांबाहेर जात नाही आणि वेगमापकाशिवाय काम करत नाही. मी या धाग्यावर दारूचे कोणतेही वजन देणार नाही. कोणी मागू नये, ही विनंती.

वऱ्हाडी_शेतकरी

सातासमुद्रापार यांची माहिती आवडली. आमच्याकडे रानडुकरे आणि रोही उभे पीक लोळवतात. माझ्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना असलेली बंदूक आहे. त्यासाठी असे ध्वनीपेक्षा संथ, म्हणून कमी आवाजाचे काडतूस घरी बनवता येईल का, हे विचारावेसे वाटते.

करवीरकर

आपली अडचण खरी आहे आणि पिकाचे नुकसान काय असते ते मी जाणतो, तरीही उत्तर नाही असेच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो; बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार शिकारीला मनाई आहे आणि पिकाला उपद्रव देणाऱ्या प्राण्यांबाबतही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काही करता येत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज आणि ती परवानगी, या दोन्हींसाठी आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जावे. या धाग्यावरची हँडलोडिंगची माहिती जेथे ते कायदेशीर आहे, तेथील अनुभव म्हणूनच वाचावी.

वऱ्हाडी_शेतकरी

समजले. स्पष्ट सांगितल्याबद्दल धन्यवाद. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटतो.

नेमबाजाची_आई

माझी मुलगी प्रोनमध्ये (पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात) चांगली प्रगती करत आहे आणि तेजस्विनी सावंत हे तिचे दैवत आहे. क्लबमधल्या काही पालकांनी काडतुसे ज्वेलरी काट्यावर तोलून वेगळी करायला सुरुवात केली आहे, तर काही जण कडेची जाडी मोजतात. आमची ऐपत बेताची आहे. आम्ही काटा घ्यावा की तेच पैसे चांगल्या कंपनीच्या काडतुसांवर घालावेत? आणि लॉट तपासायचा म्हणजे नेमके काय करायचे?

करवीरकर

ताई, काटा घेऊ नका. पूर्ण काडतूस तोलताना गोळी, कवच, दारू आणि प्रज्वलक मिश्रण यांचे एकत्र वजन येते. त्यात दारूचा वाटा ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आतबाहेर असतो, आणि वेग ठरवण्यात तिचाच हात मोठा. जड निघालेल्या काडतुसात पितळ जास्त आहे की दारू, हे काटा सांगू शकत नाही. स्वस्त काडतुसांमधून अगदीच वेगळा निघालेला एखादा दाणा त्याने बाजूला काढता येईल, पण चांगल्या स्पर्धेच्या काडतुसांत त्याने गुण वाढतील असे मला वाटत नाही. तो वेळ मुलीने रिकाम्या रायफलीच्या सरावाला द्यावा.

लॉटची तपासणी अशी करतात. आदर्श पद्धतीत रायफलीचा लाकडी किंवा धातूचा दस्ता काढून नळी भक्कम चौकटीत पकडतात, म्हणजे माणसाचा हात उरत नाही, आणि ५० मीटरवर प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके, पाडतात. लापुआ, एली, आरडब्ल्यूएस यांसारख्या उत्पादकांची यासाठी स्वतंत्र केंद्रे आहेत आणि मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन तेथे जातात. आपल्याला ते शक्य नसले तरी वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, वारा पडलेल्या सकाळी, हे काम बऱ्यापैकी होते. दोन-तीन पालकांनी मिळून वेगवेगळ्या लॉटचे एकेक खोके घ्यावे, प्रत्येक मुलाने आपापल्या रायफलीतून ते तपासावे आणि ज्याला जो मानवेल त्याने त्या लॉटची पुढची खरेदी करावी.

येथे दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली, पाच गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर भाळू नये. पाच गोळ्या योगायोगानेही एकत्र पडतात. निदान चाळीस गोळ्या एकमेकींवर ठेवून पाहिल्यावर जे चित्र दिसते, ते त्या लॉटचे खरे रूप. विशेषतः उभा पसारा पाहावा, कारण वेगातला असमानपणा तेथेच दिसतो. आडवा पसारा बहुधा वाऱ्याचा किंवा हाताचा असतो. दुसरी, कंपनी बदलल्यावर पहिल्या दहा-वीस गोळ्या हिशेबात धरू नयेत. प्रत्येक उत्पादकाचे गोळीवरचे वंगण वेगळे असते, आणि नळीच्या आतला जुना थर जाऊन नवा बसेपर्यंत गोळ्या भटकतात. कित्येक चांगले लॉट याच घाईमुळे नापास ठरवले जातात.

विज्ञानशिक्षक

उभ्या पसाऱ्याविषयी एक पुस्ती जोडतो. वेगमापकावर अतिशय सारखा दिसणारा लॉट एखाद्या नळीत उभा पसरतो आणि त्याहून थोडा असमान लॉट गोल, घट्ट ग्रुप देतो, असे प्रत्यक्षात आढळते. गोळी सुटताना नळी कंप पावत असते. संथ गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड वेगवान गोळीच्या वेळेपेक्षा किंचित वर असेल, तर जास्तीची घसरण तेथेच भरून निघते. नळीच्या टोकाला ट्यूनर, म्हणजे कंप जुळवून घेण्याचे सरकते वजन, लावून काही नेमबाज हा मेळ मुद्दाम साधतात. म्हणून वेगमापकाचा कागद हा पुरावा म्हणून अपुरा आहे. ५० मीटरवरचा लक्ष्याचा कागदच ग्राह्य धरावा.

नेमबाजाची_आई

मग तिच्या मैत्रिणीने ज्या लॉटने राज्य स्पर्धेत उत्तम गुण मिळवले, तोच आम्ही घेतला तर चालणार नाही, असे समजायचे का?

करवीरकर

चालेलच असे नाही. एकाच कारखान्यात, एकाच महिन्यात बनलेल्या दोन नळ्यांची चेंबर (काडतूस बसते ती मागची जागा) आणि आटे हुबेहूब सारखे नसतात. मैत्रिणीचा लॉट तपासणीच्या यादीत अवश्य ठेवावा, पण न तपासता पेट्या भरून घेऊ नये. त्याचप्रमाणे कंपनीची सर्वांत महाग श्रेणीच घेतली पाहिजे, असाही हट्ट नको. मधल्या श्रेणीचा मानवलेला लॉट वरच्या श्रेणीच्या न मानवलेल्या लॉटला मागे टाकताना मी पुष्कळदा पाहिला आहे. मानवलेला लॉट सापडला की तो हंगामापुरता घेऊन स्पर्धेसाठी राखून ठेवावा आणि रोजच्या सरावाला त्याच कंपनीची खालची श्रेणी वापरावी, म्हणजे वंगण बदलत नाही आणि खर्चही आवाक्यात राहतो.

साठवणीबाबत एवढेच, की खोकी परवान्याच्या अटींप्रमाणे कुलपात, कोरड्या आणि थंड जागी ठेवावीत. एप्रिल-मेमध्ये रेंजवर जाताना ती बंद मोटारीत ठेवू नयेत. आतल्या उष्णतेने गोळीवरचे वंगण पातळ होऊन ओघळते आणि तपासून घेतलेला लॉट तपासल्यासारखा राहत नाही. रेंजवरही खोके सावलीत ठेवावे आणि चेंबर तापलेले असताना काडतूस आत भरून वाऱ्याची वाट पाहत बसू नये. वारा स्थिर झाला की मगच भरावे.